थांगका, गोधडी आणि मुलांचे पुस्तक : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिसंग्रामाचे सचित्र बालवाङ्मय

दि. ३१ जानेवारी १९२० रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक प्रसिद्ध केला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु त्याच महिन्यात न्यूयॉर्क शहरात आणखी एक नियतकालिक जन्मास आले, याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. त्याचे नाव 'द ब्राउनीज बुक'. ते सहा ते सोळा वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेले सचित्र मासिक होते. किंमत पंधरा सेंट. त्याचे संस्थापक होते कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, आणि वाङ्मयीन संपादनाची सारी धुरा वाहत होत्या जेसी फॉसेट.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्येच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते हे खरे. पण त्यांचा आणि डु बॉइस यांचा जो पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे तो १९४६ सालचा. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे सांगून बाबासाहेबांनी त्या पत्रात कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या, आणि ३१ जुलै १९४६ रोजी डु बॉइस यांनी आस्थेने उत्तर धाडले. म्हणजे १९२० चा योगायोग हा योगायोगच. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुक्या समाजास वाणी देण्याचा उद्योग आरंभिताना एकाने प्रौढांना हाक दिली, दुसऱ्याने मुलांना. डु बॉइस यांस मुलांकडे वळावेसे का वाटले, आणि त्या वाटेवर पुढे शंभर वर्षांत काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्या काळी अमेरिकेतील मुलांच्या हाती जी पुस्तके पडत, त्यांत काळ्या वर्णाचा माणूस आलाच तर तो विदूषक म्हणून येई. जाड ओठ, बटबटीत डोळे, गबाळे कपडे. या थट्टेचे जे पुस्तक पुढे प्रतीक ठरले त्याचा जन्म मात्र आपल्याच देशातला आहे, हे सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई आपल्या डॉक्टर पतीसमवेत मद्रास इलाख्यात राहत असे. तिने आपल्या मुलींसाठी लिहिलेले 'लिटल ब्लॅक साम्बो' १८९९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात वाघ आहेत आणि त्या वाघांचे वितळून तूप होते. पार्श्वभूमी उघडउघड हिंदुस्थानची आहे. पण अमेरिकेत निरनिराळ्या प्रकाशकांनी ते नव्या, अधिकाधिक विद्रूप चित्रांसह छापले आणि 'साम्बो' ही तेथील काळ्या मुलांना शाळेत ऐकावी लागणारी शिवी झाली. कथेपेक्षा चित्र अधिक काळ टिकते, आणि ते मुलाच्या मनात आधी शिरते. डु बॉइस यांनी हे ओळखले होते.

म्हणूनच 'द ब्राउनीज बुक'च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्यावर शुभ्र नृत्यवेष ल्यालेली, दोन्ही हात उंचावून चवड्यांवर उभी राहिलेली एक हसरी काळी मुलगी आहे. ते छायाचित्र आहे, रेखाटन नव्हे. म्हणजे अशी मुलगी प्रत्यक्षात आहे, हा त्याचा पुरावाच. आत हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, बेंजामिन बॅनेकर यांची चरित्रे असत, रशियन कवी पुश्किनचेही असे, कारण त्याचा पणजोबा आफ्रिकन होता. मुलांची पत्रे असत, शाळेत चमकलेल्या मुलामुलींची छायाचित्रे असत. पुढे महाकवी म्हणून मान्यता पावलेल्या लँग्स्टन ह्यूजचे आरंभीचे लेखन येथेच छापले गेले. चोवीस अंक निघाले आणि डिसेंबर १९२१ मध्ये मासिक बंद पडले. अशा नियतकालिकांचे आयुष्य आपल्याला अपरिचित नाही.

त्यानंतरची चार दशके या दृष्टीने बरीचशी ओसाड आहेत. नाव घ्यावे असे एक पुस्तक त्यात आहे, आणि तेही पुस्तक नव्हे, दहा सेंटांची सोळा पानी चित्रकथा : 'मार्टिन लूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी'. 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संघटनेने ती १९५७ च्या अखेरीस काढली. बसबहिष्काराची हकिकत सांगून झाल्यावर तिच्या उत्तरार्धात अहिंसक प्रतिकार कसा करावा याची पद्धतशीर शिकवण होती. दक्षिणेकडील चर्चमधून आणि शाळा-कॉलेजांतून ती हातोहाती फिरली. ती वाचणाऱ्या तरुणांपैकी जॉन लुईस पुढे लोकसभासदृश प्रतिनिधिगृहात निवडून गेले. आणि त्यांनीच अँड्र्यू एडिन व चित्रकार नेट पॉवेल यांच्यासमवेत २०१३ ते २०१६ या काळात 'मार्च' ही तीन खंडांची चित्रकथा सिद्ध केली. तिच्या तिसऱ्या खंडास २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. दहा सेंटांच्या पुस्तिकेचे हे व्याज म्हणावयास हरकत नाही.

मुख्य प्रवाहातील प्रकाशकांची झोप मोडली ती १९६५ साली. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ५,२०६ बालपुस्तकांची छाननी केली. ज्यांच्या मजकुरात वा चित्रांत एक तरी काळी व्यक्ती आहे अशी पुस्तके निघाली ३४९. म्हणजे शेकडा ६.७. 'सॅटरडे रिव्ह्यू' साप्ताहिकात त्यांचा लेख आला आणि खळबळ उडाली. पुढे ग्रंथपालांच्या पुढाकाराने कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावे पारितोषिक सुरू झाले. १९७० चे पहिले पारितोषिक मार्टिन लूथर किंग यांच्या चरित्रास मिळाले. १९७४ पासून चित्रकारांसाठी वेगळे पारितोषिक दिले जाऊ लागले, आणि त्याचे पहिले मानकरी जॉर्ज फोर्ड यांनी चित्रित केलेले पुस्तक होते अंध गायक रे चार्ल्स यांचे चरित्र. म्हणजे मुक्तिसंग्रामाचे चरित्र आणि कलावंताचे चरित्र हे दोन प्रवाह या वाङ्मयात आरंभापासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत. हे शेजारपण का महत्त्वाचे, ते पुढे येईलच.

तत्पूर्वी या वाङ्मयातील एका दोषाकडे वळले पाहिजे, कारण तो आपलाही दोष आहे.

रोझा पार्क्स यांची गोष्ट अमेरिकेतील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. एक शिवणकाम करणारी बाई दिवसभराच्या कष्टाने थकून बसमध्ये बसली, गोऱ्या प्रवाशासाठी उठली नाही, तिला अटक झाली, आणि मग डॉ. किंग आले. अनेक पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपुस्तकांतून ती अशीच सांगितली जात असे. १९९५ मध्ये हर्बर्ट कोल या शिक्षणविचारवंताने या कथनाची चिरफाड केली. वस्तुस्थिती निराळी आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बेचाळीस वर्षांच्या होत्या, म्हाताऱ्या नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या अनेक वर्षे चिटणीस होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर विद्यालयात त्यांनी चळवळीचे प्रशिक्षण घेतले होते. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च रोजी, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने हेच केले होते आणि अटक पत्करली होती. रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापून काढली. आणि त्यानंतर ३८१ दिवस एका शहरातील हजारो मोलकरणी, मजूर, विद्यार्थी पायी चालले. (आपली १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा याच ३८१ दिवसांतली आहे, नागपूरला लक्षावधी माणसे पायी, बैलगाडीने, आगगाडीने येत होती तेव्हा माँटगोमेरीची माणसेही चालतच होती.)

थकलेल्या बाईची गोष्ट मुलास सांगण्यास सोपी. पण तिच्यातून संघटना नाहीशी होते, पूर्वतयारी नाहीशी होते, इतर माणसे नाहीशी होतात. उरतो तो चमत्कार. आणि चमत्काराचे अनुकरण करता येत नाही. आम्ही हे परदेशाकडे बोट दाखवून म्हणत नाही. मागे आमच्या विहारातील रविवारच्या बालवर्गात मुलांना चवदार तळ्याचा प्रसंग काढावयास सांगितला होता. बहुतेक चित्रांत निळ्या कोटातील बाबासाहेब तळ्याकाठी एकटेच होते. २० मार्च १९२७ रोजी त्यांच्यामागून चाललेली हजारो माणसे कोठे गेली, असे विचारता एक मुलगी म्हणाली, "त्यांची नावं माहीत नाहीत, मग त्यांचे चेहरे कसे काढायचे?" या प्रश्नास आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते.

चांगल्या चित्रपुस्तकांनी हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. निकी जोव्हानी यांनी लिहिलेल्या आणि ब्रायन कोलिअर यांनी चित्रित केलेल्या 'रोझा' (२००५) या पुस्तकात जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया रात्री पत्रके काढताना दिसतात, आणि शेवटाकडे एक घडीचे पान उलगडले की चालणाऱ्या माणसांची रांग पुस्तकाच्या कडेबाहेर पसरते. पान उलगडण्याची ही साधी युक्ती. पण मुलाच्या हातांनाच समुदायाचा विस्तार कळतो.

रूबी ब्रिजेसच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत ही सहा वर्षांची मुलगी केंद्र सरकारच्या चार अधिकाऱ्यांच्या संरक्षणात गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. वर्षभर बार्बरा हेन्री या एका शिक्षिकेने रिकाम्या वर्गात तिला एकटीला शिकविले. हे वाचताना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भिवा आठवला नाही असा आपला वाचक विरळा. रॉबर्ट कोल्स या बालमानसतज्ज्ञाने तिला त्या काळी जवळून पाहिले होते. त्यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकास चित्रे आहेत त्याच जॉर्ज फोर्ड यांची. शिव्या देणाऱ्या जमावासमोर रूबी एके दिवशी थांबली, तिचे ओठ हलले. ती त्या लोकांसाठी प्रार्थना करीत होती. हा त्या पुस्तकाचा कळस.

मैत्रीभावनेची शिकवण असलेल्या आम्हां बौद्धांस हा प्रसंग हेलावून टाकतो यात संशय नाही. तरीही आमचे मन येथे थोडे अडखळते. तथागतांची मैत्री ही समर्थाची आहे. सहा वर्षांच्या पोरीच्या क्षमेवर पुस्तक संपविले की ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. क्षमा करणे हेही पीडितांचेच काम होऊन बसते. नॉर्मन रॉकवेल यांचे १९६४ चे सुप्रसिद्ध चित्र या बाबतीत आम्हांस अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक वाटते. त्यात अधिकाऱ्यांची मस्तके चौकटीबाहेर कापलेली आहेत, भिंतीवर फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग आहे, जमाव मुळीच दिसत नाही. कारण चित्र पाहणारा जेथे उभा आहे तेथेच जमाव उभा आहे.

दुःख किती दाखवावे, हा या वाङ्मयातील जुना वाद आहे, आणि तो मिटलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाच्या केकविषयीचे एक चित्रपुस्तक बाजारात आले आणि थोड्याच दिवसांत प्रकाशकास ते मागे घ्यावे लागले. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसत, अभिमानाने केक करतात. चित्रकर्ती स्वतः कृष्णवर्णीय होती. हेतू आचाऱ्याच्या कौशल्याचा गौरव करण्याचा होता. पण खरा हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, पळून गेला होता. दुसऱ्या टोकाला, २०२१ साली टेनेसीतील काही पालकांनी रूबी ब्रिजेसच्या पुस्तकावर आक्षेप घेतला तो त्यात संतापलेल्या गोऱ्या जमावाचा उल्लेख आहे म्हणून. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे शालेय मंडळाने गोठविलेल्या साहित्याच्या यादीत रोझा पार्क्स यांचे चित्रपुस्तकही सापडले. तेथील विद्यार्थ्यांनी रोज सकाळी निदर्शने केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळास निर्णय फिरवावा लागला.

आता कलावंतांच्या चरित्रांकडे येऊ. वर ज्या दोषाचा उल्लेख केला त्यावरील उतारा आम्हांस येथे सापडतो, कारण कलावंताच्या चरित्रात काम दाखवावेच लागते. हात, हत्यार आणि श्रम यांवाचून ती गोष्ट सांगताच येत नाही. हॉरेस पिपिन पहिल्या महायुद्धात उजव्या खांद्यास गोळी लागून जायबंदी झाला. डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो चित्रे काढू लागला. त्याच्यावरील 'अ स्प्लॅश ऑफ रेड' (२०१३) या पुस्तकात मुलास हे दिसते. जावाका स्टेप्टो यांनी बास्किया या चित्रकाराच्या बालपणावरील 'रेडिअंट चाइल्ड' (२०१६) रंगविताना न्यूयॉर्कमध्ये टाकून दिलेल्या लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांवर चित्रे काढली. त्या पुस्तकात आईचा मानसिक आजार लपविलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

जेकब लॉरेन्स यांचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्यांनी १९४०-४१ मध्ये साठ फलक रंगविले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आधी ग्रंथालयात बसून त्यांनी इतिहास अभ्यासला, प्रत्येक फलकाखालचे वाक्य लिहिले, आणि पत्नी ग्वेंडोलिन नाइट यांच्या साहाय्याने फलक तयार केले. मग साठही फलक एकाच वेळी मांडून एक एक रंग क्रमाने सर्वांवर लावत गेले, जेणेकरून पहिल्या फलकातील निळा साठाव्यातही तोच राहावा. १९९३ मध्ये हे फलक 'द ग्रेट मायग्रेशन' या नावाने मुलांच्या पुस्तकात आले. यात नायकच नाही. पहिल्या फलकात स्थानकावर गर्दी आहे, शेवटच्यातही स्थानकावर गर्दीच आहे. कित्येक माणसांना नाकडोळे काढलेले नाहीत. पाठीचा बाक, टोपीचा कोन, गाठोड्याचा भार यांवरून माणूस ओळखू येतो. आमच्या बालवर्गातील मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. ज्यांची नावे माहीत नाहीत त्यांचेही चित्र काढता येते.

आणि आता त्या प्रसंगाकडे, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. १९७२ साली हार्लेमची चित्रकर्ती फेथ रिंगोल्ड (१९३०-२०२४) अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात गेली होती. तेथे तिने तिबेट व नेपाळमधील जुने थांगका पाहिले. थांगका म्हणजे कापडावरील बौद्ध पटचित्र. भोवती रेशमी कापडाची चौकट शिवलेली, गुंडाळून ठेवता येणारे, भिक्खूंना एका विहारातून दुसऱ्या विहारात, डोंगरदऱ्या ओलांडून पाठीवर नेता येणारे. बुद्ध, बोधिसत्त्व आणि जातकांतील प्रसंग खेडोपाडी दाखविण्याचे ते साधन. रिंगोल्ड यांस त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, जड लाकडी चौकटीतील चित्रे हलविण्यास गाडी लागते, माणसे लागतात, पैसा लागतो. गुंडाळलेले चित्र एकटी बाई पेटीत घालून नेऊ शकते. दुसरी, कापडाची चौकट शिवावी लागते, आणि शिवणे हे त्यांच्या घराचे काम होते. त्यांची आई विली पोझी व्यवसायाने वेषभूषाकार. खापरपणजी गुलामगिरीच्या काळात मालकांसाठी गोधड्या शिवीत असे.

परत आल्यावर रिंगोल्ड यांनी चित्रांस थांगकासारख्या कापडी चौकटी लावण्यास आरंभ केला. त्या चौकटी आईने शिवल्या. १९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. रिंगोल्ड यांचे आत्मचरित्र तेव्हा कोणी प्रकाशक छापावयास तयार नव्हता. म्हणून १९८३ पासून त्या गोधडीवरच गोष्टी लिहू लागल्या. त्यांपैकी १९८८ ची 'टार बीच' ही गोधडी १९९१ मध्ये मुलांचे पुस्तक झाली. हार्लेममधील डांबर अंथरलेल्या गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री निजलेली आठ वर्षांची कॅसी आकाशात उडते आणि जॉर्ज वॉशिंग्टन पूल आपल्या मालकीचा करते. तो पूल बांधण्यात तिच्या वडिलांचे श्रम आहेत. पण वर्णामुळे त्यांना कामगार संघटनेत प्रवेश नाही, म्हणून काम नाही. मुलाला हे सारे उडण्याच्या आनंदातच कळते. पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ गोधडीच्या ठिगळांची पट्टी छापलेली आहे. ती पट्टी पाहताना तिच्यात हिमालयातील थांगकाची किनार दिसते, हे अमेरिकन मुलास ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या मुलांना मात्र ते सांगावयास हवे.

चौकट बदलण्याचा असाच उद्योग आपल्याकडेही झाला आहे. २०११ मध्ये 'नवयान' प्रकाशनाने काढलेले 'भीमायन' हे बाबासाहेबांचे चित्रचरित्र दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान-गोंड चित्रकारांनी रंगविले. चित्रकथेची नेहमीची चौकोनी खानी त्यांनी नाकारली, कारण त्यांत माणसे कोंडल्यासारखी वाटतात. त्याऐवजी गोंडांच्या घरांच्या भिंतींवर काढतात तो 'डिगना' त्यांनी पानापानांतून वळवीत नेला. सौम्य माणसांचे बोल पक्ष्याच्या आकारात आहेत, विखारी बोलांना विंचवाची नांगी आहे. तहानलेल्या मुलाच्या प्रसंगात पाण्याचा पंप, मासे, माणसे एकमेकांत मिसळून जातात. आमच्या बालवर्गात ते पुस्तक ठेवले आहे. त्यातील विंचू कोणाच्या बोलण्याला लावले आहेत, हे शोधण्यात मुलांचा पहिला रविवार संपला. चवदार तळ्याची पाने दुसऱ्या रविवारी उघडली, आणि त्यानंतर मुलांना पुन्हा कागद दिले.